घडीव दांड्याची कुळकथा

"हे ओतीव व्हय का घडीव?"

पांढरकवड्याच्या बाजारातल्या म्हाताऱ्या लोहारानं कनेक्टिंग रॉड हातात घेताच विचारलं. भाच्याला त्याच्या जुन्या जिप्सीचं इंजिन नव्यानं बांधायचं होतं. खोललेल्या इंजिनातला एक रॉड, म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, त्याच्या पिशवीत होता आणि आम्ही आलो होतो वखराची पास पाजवायला. आमच्या उत्तराची वाट न बघता म्हाताऱ्यानं रॉडच्या कडेवरून अंगठा फिरवला. साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेला जादा पोलादाचा पापुद्रा छाटला, की घडीव वस्तूच्या कडेला रुंदसा पट्टा राहतो. ओतीव वस्तूवर तिथे बारीक रेघ असते. "घडीव हाय," तो म्हणाला आणि रॉड परत दिला.

भाचा आठवडाभर फोनवर ज्याची चौकशी करत होता, ते या दोन मराठी शब्दांत आधीपासूनच होतं. ओतारी वितळलेला धातू साच्यात ओततो. तो थिजताना आतले कण जसे जमतील तसे जमतात, मध्ये एखादी पोकळीही राहून जाते. लोहार धातू वितळवत नाही, लाल करतो आणि ठोकतो. ठोकताना पोलादाची आतली रेषा वस्तूच्या आकाराबरोबर वळते. कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा घालताना लाकडाची रेषा उभी आहे ना, हे आपण बघतोच. आडव्या रेषेचा दांडा दिसायला कितीही जाड असला तरी घावासरशी मोडतो. घडीव कनेक्टिंग रॉडमध्ये ती रेषा एका टोकाच्या भोकापासून, म्हणजे डोळ्यापासून, दुसऱ्या डोळ्यापर्यंत अखंड गेलेली असते. त्याचं मोल तिथेच आहे.

घडीव लोखंडाशी विदर्भाची ओळख फार जुनी. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती इसवीसनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराची. शिळावर्तुळांत पुरलेल्या माणसांसोबत कुऱ्हाडी आणि छिन्न्या निघाल्या. या सगळ्या हातोड्याखालून गेलेल्या वस्तू.

इंजिनातल्या दांड्याची चाल मात्र दुसरीकडून आली. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसला तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर दगड कापणारी पाणचक्की कोरलेली आहे. चाक फिरतं आणि दांडा करवतीला मागेपुढे ओढतो. १२०६ मध्ये अल-जझारीनं दोन सिलिंडरच्या पंपात हीच जोडणी वापरली. दोन्हीकडे फिरण्यातून मागेपुढे होणं काढलं होतं. वाफेच्या इंजिनाला उलट हवं होतं : मागेपुढे होणाऱ्या पिस्टनमधून फिरणं. १७८० मध्ये जेम्स पिकार्डनं क्रँकची ही जोडणी पेटंट करून ठेवली, म्हणून जेम्स वॉटला पुढच्याच वर्षी दातेरी चाकांची वेगळी युक्ती लढवावी लागली. एका साध्या दांड्यासाठी एवढी अडवणूक झाली!

आपल्या कापसाच्या मुलखात हा दांडा जिनिंगमध्येही आहे. १८४० च्या मॅकार्थी जिनमध्ये सुरी वरखाली हलते ती क्रँक आणि दांड्यानंच. तो उघड्यावर बघायचा असेल, तर पूर्वी यवतमाळला जायचं. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत मूर्तिजापूरच्या वाटेवर धावत होतं. पिस्टनपासून चाकापर्यंत गेलेला तो चकचकीत पोलादी दांडा मी लहानपणी स्टेशनावर उभा राहून डोळे भरून पाहिलाय. एवढा जाड तुकडा माणसाच्या हातानं ठोकून होत नाही. १८३९ मध्ये एका मोठ्या जहाजाचा दंड घडवणारा घणच कुठे नव्हता, तेव्हा मँचेस्टरजवळच्याच कारखान्यात जेम्स नॅस्मिथनं वाफेच्या घणाचं चित्र काढलं. त्याचं पेटंट १८४२ चं. पुढे साच्यावर घाव घालणारे घण आले आणि एकसारख्या घडीव वस्तू हजारांनी निघू लागल्या. आपल्याकडे पुण्यात मुंढव्याला नीलकंठराव कल्याणींनी १९६१ मध्ये भारत फोर्ज काढली. १९६६ पासून तिथे घडाई सुरू आहे.

आता भाच्याचा प्रश्न : नवे घडीव रॉड घ्यायचे का? इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं, तेव्हा पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. स्फोटाच्या वेळी रॉड दाबला जातो. पण जळका वायू बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला अडवायला वर दाब नसतो, त्याला खाली खेचायचं काम एकट्या रॉडचं. हा ताण फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. पाच हजारांवरून सात हजारांवर गेलात की जवळजवळ दुप्पट. म्हणून फेरे वाढवायचे तर आधी रॉडच्या मोठ्या टोकाला जी टोपी बसते तिच्या बोल्टची चिंता करावी. टर्बो लावून फेरे तेच ठेवायचे तर दांड्याची दाब सोसायची ताकद बघावी.

बाजारात मिळतात ते रॉड बहुधा ४३४० पोलादाचे : निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं. आपले टर्नर याच्या जवळच्या पोलादाला ईएन-२४ म्हणतात. पण नुसत्या नावावर जाऊ नये. पोलादाला पाणी कसं दिलंय, दोन डोळ्यांमधलं अंतर अचूक आहे का, चारही रॉडची वजनं दोन्ही टोकांना वेगवेगळी तोलली तरी जुळतात का, हे बघावं. दांड्याचा छेद आय आकाराचा हवा की एच, यावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते तो वेळ बोल्टवर खर्च करावा. पुष्कळ नव्या गाड्यांत रॉडचं मोठं टोक मुद्दाम तडकवून टोपी वेगळी करतात. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या जशा एकमेकींतच बसतात, तशी ती टोपी फक्त आपल्याच रॉडवर बसते.

शेवटी हिशेब मांडला तेव्हा कळलं, की भाच्याला फेरे वाढवायचेच नाहीत. टिपेश्वरच्या जंगलात पर्यटकांना घेऊन हळूच फिरायचं तर टर्बोही कशाला? कारखान्यातून आलेले रॉड मुळातच घडीव. मिस्त्रीनं ते भेगांसाठी तपासून घेतले, वजनं जुळवली, बोल्ट नवे मागवले. तोवर प्रत्येक टोपी आपापल्या रॉडला सुतळीनं बांधून, एक ते चार आकडे घालून, फळीवर ओळीनं ठेवली आहे.