मुठीचें साहित्य व नक्षी : खाडीकांठच्या हत्यारांसंबंधीं कांहीं विचार

महाराष्ट्रांतील जुन्या हत्यारांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत पात्याचा विचार पुष्कळ व मुठीचा थोडा, असा प्रकार आढळतो. पातें कोणत्या पोलादाचें, त्यावर ठसा कोणाचा, तें सरळ कीं वांकडें, याची चर्चा होते. मूठ मात्र ‘सोन्याचें काम केलेली’ किंवा ‘साधी’ एवढ्या शब्दांत आटोपली जाते. आमच्या मतें हत्याराचा मुलूख व धनी सांगणारा पुरावा पात्यापेक्षां मुठींतच अधिक असतो. आणि खाऱ्या पाण्याच्या कांठीं तर मूठ कशाची करावी हाच हत्याराच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो. प्रस्तुत लेखांत ही गोष्ट ठाण्याच्या खाडीवरील कोपरीचा परिसर नजरेपुढें ठेवून मांडण्याचा विचार आहे.

कोपरी म्हणजे ठाणें स्थानकाच्या पूर्वेचा भाग. शेजारीं चेंदणीचा कोळीवाडा, पुढें खाडी, आणि मीठबंदराचें नांव तेथील रस्त्यानें अजून जतन केलेलें. या कांठावर दोन शतकांत तीन सत्तांचीं हत्यारें वावरलीं. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतला. तो पुरा होण्यापूर्वींच इ. स. १७३७ त मराठ्यांच्या हातीं आला. १७३९ त वसई पडली, आणि १७७४ च्या अखेरीस ठाणें इंग्रजांनीं घेतलें. अशा बंदरपट्टींतून युरोपीय पातीं देशांत येत आणि त्यांस ‘फिरंग’ म्हणत, हें सर्वश्रुत आहे. परंतु फिरंगेचें पातें परदेशी असलें तरी तिची मूठ बहुधा इकडचीच असे. लंडन येथील राजसंग्रहांतील, १८७५-७६ च्या दौऱ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स यांस कोल्हापुराहून नजर झालेली तलवार हें त्याचें ठळक उदाहरण : पातें युरोपीय, मूठ येथील घडणीची व रत्नजडित. ही तलवार कोणाची, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.

हा संयोग कसा शक्य होतो तें समजण्यास मूठ बसविण्याची रीत पाहिली पाहिजे. पात्याच्या मागें एक निमुळती शेपटी ठेवलेली असते. मूठ आंतून पोकळ करून तींत तापवून पातळ केलेली लाख अथवा राळ ओततात, आणि शेपटी तींत खुपसतात. लाख थिजली कीं पातें पक्कें. पण हीच लाख पुन्हां तापविली कीं मऊ होते आणि पातें सहज निघतें. यामुळें एक मूठ दोन-तीन पात्यांस व एक पातें दोन-तीन मुठींस लाभलेलें असणें अगदीं संभवनीय आहे. असें असतां संग्रहालयांच्या याद्यांत पातें व मूठ यांस मिळून एकच शतक व एकच मुलूख दिलेला पाहिला म्हणजे आश्चर्य वाटतें. प्रत्येक नोंद दोन ओळींची असावयास हवी, एक पात्याची व एक मुठीची.

मराठी तलवारींच्या मुठी पुष्कळशा लोखंडी अथवा पोलादी. बोटांच्या रक्षणार्थ परज, वर वाटी, तिच्यावर मोगरा, आंतल्या अंगास हाताला टोंचूं नये म्हणून कापडाची किंवा मखमलीची गादी. फिरंगेच्या मुठीस वरच्या टोकाला एक लांब दांडी असते. ती दुसऱ्या हातानें धरून दुहाती वार करतां येई. बागलाणांतील मुल्हेरच्या मुठींचें नांव मोठें होतें व ‘मुल्हेरी मूठ’ हा शब्द त्यामुळें रूढ झाला. या लोखंडी मुठींवर सोन्यारुप्याचें जें काम असे त्यास कोफ्तगरी म्हणतात. कारागीर आधीं लोखंडावर बारीक आडव्यातिडव्या रेघांचें जाळें ओढून पृष्ठ खरबरीत करतो व त्यावर सोन्याची तार ठोकून बसवितो. सोनें उडालें तरी तें जाळें भिंगाखालीं ओळखूं येतें. म्हणून आज ‘साधी’ दिसणारी मूठ पूर्वीं साधीच होती असें धरून चालूं नये.

कट्यार, खंजीर व सुरी यांच्या मुठींत साहित्याची विविधता खरी दिसते. हस्तिदंत, म्हशीचें शिंग, सांबरशिंग, संगेयशब, आणि ज्याला फारशींत ‘माशाचा दांत’ म्हणत तें द्रव्य. हा दांत माशाचा नव्हे. उत्तरेकडील हिमसमुद्रांतल्या वॉलरस नांवाच्या प्राण्याचा तो सुळा, रशिया व इराण या मार्गानें इकडे येई. जहांगीर बादशहास त्याचें विलक्षण वेड होतें. डाग असलेल्या अशा दांताच्या खंजिराच्या मुठी करण्याचें काम त्यानें पूरण व कल्याण या दोघां कारागिरांस सांगितल्याचें त्याच्या आत्मवृत्तांत नमूद आहे. (यांतील कल्याण हें व्यक्तीचें नांव; आमच्या खाडीवरील कल्याणाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा.) समुद्रानें मुठीला दिलेली दुसरी देणगी म्हणजे पाकटाची कातडी. तिच्यावर मोत्यांसारखे कठीण कण असतात, आणि रक्तानें, घामानें किंवा पाण्यानें हात ओला झाला तरी पकड सुटत नाहीं. जपानांत व तुर्कस्थानांत ती तलवारींच्या मुठींस लावीत. इंग्रज अंमलदारांच्या तलवारींसही माशाची कातडी लावून वर रुपेरी तार गुंडाळण्याचा प्रघात होता. ज्या माशास आमचे कोळी बाजारांत कालवणासाठीं विकतात, त्याची कातडी जगांतल्या उंची मुठींस चढावी, हा योग मोठा मौजेचा आहे.

कोंकणच्या किनाऱ्यास जें साहित्य जवळचें तें शिंग. आंग्र्यांचें आरमारी ठाणें असलेला विजयदुर्ग १७५६ त पडला. परंतु त्या गांवचा शिंगकामाचा धंदा पुढेंही दीर्घकाळ टिकला व एकोणिसाव्या शतकांतील सरकारी वृत्तान्तांत त्याची नोंद झाली. गव्याचें शिंग खोबरेल तेल लावून विस्तवासमोर धरीत. तें मेणासारखें मऊ झालें म्हणजे हवा तो आकार देऊन थंड होऊं देत. शिंग लांकडाइतकें पाणी पीत नाहीं, तडकण्याचें भय कमी, आणि घासतां घासतां त्यास चकाकी येते. ओल्या हवेच्या मुलखांत सुरीच्या मुठीस यापरतें सोयीचें द्रव्य थोडें. गव्याचें शिंग, सांबरशिंग व हस्तिदंत यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या दुरुस्त्यांनीं बंद केला, तो योग्यच. म्हशीचें शिंग तेवढें कारागिरास उरलें.

येथवरचें सर्व राजेरजवाड्यांचें व सरदारांचें झालें. कोपरी-चेंदणीच्या कांठावर जी सुरी जाळ्याची दोरी कापते, मासळी चिरते, किंवा जें लहानसें हत्यार ओहोटीच्या वेळीं खडकावरचीं कालवें फोडतें, त्याची मूठ मात्र कोणीं पाहिली नाहीं. तेथें शत्रू मीठ. खारें पाणी मुठीच्या व शेपटीच्या मधल्या फटींत शिरतें व आंतलें लोखंड दिसेनासें खातें. बाहेरून मूठ धड, आणि एके दिवशीं पातें हातांत न राहतां पाण्यांत. पितळेची शेंबी दिसावयास सुरेख, पण खाऱ्या पाण्यांत पितळ व लोखंड एकमेकांस भिडलीं कीं लोखंड अधिकच वेगानें गंजतें. म्हणून तेलट सागवान किंवा दाट रंध्रांचा शिसव, खैर निवडणें, फट राळेनें बुजविणें, मूठ तेलांत मुरविणें, वरून सुतळी घट्ट गुंडाळणें, हीं कामें केवळ हौसेचीं नव्हेत. मुठीवर कोरलेल्या आडव्या रेघांस आपण नक्षी म्हणतों. पण त्याच रेघा ओल्या हाताला धर देतात. पाकटाचे कण करतात तेंच काम येथें कानशीचा एक फटका करतो. जेथें शोभा व उपयोग असे एकाच रेघेंत येतात, तेथें त्यांची वांटणी करण्याचा अट्टहास संशोधकानें धरूं नये.

दुर्दैव असें कीं लांकूड कुजतें, सुतळी झडते, आणि मूठ झिजली कीं ती चुलींत जाते. सोन्याची मूठ पेटींत राहते. त्यामुळें संग्रहालयांत जाऊन मराठी हत्यारांविषयीं मत बनविणारा मनुष्य धातूच्या मुठींवरूनच सगळें ठरवितो, आणि किनाऱ्यावरील बहुसंख्य लोकांच्या हातांतील वस्तू त्याच्या हिशेबांतून गळते. एगर्टन यांनीं १८८० त हिंदी शस्त्रांचें जें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें तेंही संग्रहांवरच आधारलेलें होतें. आज गंज न चढणारें पोलाद व साच्यांतून काढलेली प्लास्टिकची मूठ बाजारांत स्वस्त मिळते. कोळणीनें ती घ्यावी यांत नवल नाहीं, आणि तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकारही नाहीं. परंतु जुन्या मुठींची नोंद करण्यास आतां फार अवधि नाहीं.

ज्यांच्या घरीं जुनी सुरी, कोयता किंवा लग्नांत नवऱ्या मुलाच्या हातीं द्यावयाची कट्यार असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. मूठ उजळूं नये व तापवूं नये; लाख सुटली कीं पुरावा सुटला. मूठ कोणत्या लांकडाची अथवा शिंगाची, खिळे लोखंडी कीं पितळी, शेंबी आहे कीं नाहीं, रेघा किती व कोणत्या बाजूस, आणि ती डाव्या हाताकडून झिजली आहे कीं उजव्या, एवढें कागदावर उतरून ठेवावें. पातें बदललें असल्याचें घरांत ठाऊक असेल तर तेंही लिहावें, व शक्य तर कोणत्या पिढींत बदललें तें.