गाडीतली ऊब येते कुठून?

थंडी चांगलीच पडली आहे. निफाडचा पारा किती उतरला हे रोज पेपरात येतंय, आणि आपल्या गटांच्या बैठका उन्हाकडे पाठ करून अंगणातच भरताहेत. म्हणून आज बोलू या उबेबद्दल. पण चुलीच्या नाही, मोटारगाडीतल्या.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या गटाला नाशिकच्या एका प्रदर्शनात पापड-लोणच्याचा स्टॉल मिळाला होता. पहाटे साडेचारला भाड्याची जुनी जीप निघाली. आत आम्ही सात जणी, पापडांची खोकी आणि एका ताईंचं चार महिन्यांचं बाळ. थोड्याच वेळात पुढची काच आतून धुरकटली. दादा एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं काच पुसायला लागले. हिटर लावला, तर पंखा जोरात फिरला, पण वारा गारच.

मी म्हटलं, "दादा, हिटर चालत नाही का?"

ते म्हणाले, "ताई, जुनी गाडी आहे. हिटर कधीच मेलाय. आपल्याकडे लागतो कुणाला?"

आम्ही बाळाला दोन शालींत गुंडाळलं आणि गप्प बसलो. तासाभरानं चढावर बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी थांबली. थंडीत, रस्त्याच्या कडेला दोन तास. शेवटी आलेल्या मेकॅनिकनं बघितलं आणि म्हणाला, "रेडिएटरमध्ये पाणीच नाही. हिटर मेला नव्हता ताई, तो तुम्हाला सांगत होता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हिटर काय सांगत होता? ते समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

घोड्यागाड्यांच्या काळात थंड मुलखातले लोक प्रवासाला निघताना तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवत. कुणी गरम पाण्याचा डबा ठेवी, कुणी निखाऱ्यांची छोटी पेटी. वरून जाड पांघरूण. म्हणजे ऊब घरून घेऊन निघायची आणि निवेपर्यंत पुरवायची.

रेल्वे आली तशा डब्यांत लोखंडी शेगड्या आल्या. ऊब मिळाली, पण डबे लाकडाचे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अँगोला नावाचं गाव आहे. तिथे १८ डिसेंबर १८६७ रोजी गाडीचे मागचे डबे रुळांवरून घसरले आणि एक डबा पुलावरून खाली कोसळला. शेगडीतले निखारे सांडले आणि डबा पेटला. पन्नासच्या आसपास माणसं गेली. ज्या विस्तवानं ऊब दिली, त्यानंच घात केला. माणसं बसतात तिथे विस्तव न ठेवता ऊब कशी द्यायची, हा प्रश्न तेव्हापासून जास्तच टोचू लागला.

या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत एक बाई होती. शिकागोच्या मार्गारेट विलकॉक्स. 'कार हिटर'चं पेटंट त्यांना २८ नोव्हेंबर १८९३ रोजी मिळालं. पुष्कळ ठिकाणी त्यांना मोटारीच्या हिटरची जननी म्हणतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १८९३ मध्ये अमेरिकेत मोटारगाडी नुकती कुठे धडपडत होती. 'कार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रेल्वेचा डबाच यायचा. त्यामुळे आजच्या मोटारीतला हिटर जसाच्या तसा त्यांनी केला, असं म्हणणं जास्तीचं होईल. तरी त्यांचं मोल कमी होत नाही. यंत्र ही पुरुषांचीच मक्तेदारी समजली जायची त्या दिवसांत एका बाईनं प्रवाशांच्या उबेचा विचार केला आणि तो स्वतःच्या नावानं नोंदवला.

पुढे मोटारी आल्या. सुरुवातीच्या बऱ्याचशा उघड्याच. हिटर लावून तरी काय उपयोग? लोक जाड कोट घालत, पांघरुणं घेत. पायाशी ठेवायची कोळशाच्या वडीची पेटी इथेही आली. बंद टपाच्या गाड्या वाढल्या, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वेगळा विस्तव हवाच कशाला? इंजिन तर पेटलेलंच आहे. गाडीत जाळलेल्या इंधनातली बरीचशी उष्णता नुसती वाया जाते. काही धुराच्या नळीतून, काही रेडिएटरमधून.

आधी धुराच्या नळीभोवतीची गरम हवा आत घेतली. फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीत १९२९ साली इंजिनावरची अशी गरम हवा मिळू लागली. पण यात एक धोका होता. नळीला चीर गेली की विषारी वायू आत शिरणार. मग १९३०च्या सुमारास जनरल मोटर्सनं दुसरी वाट धरली. इंजिन थंड ठेवणारं जे पाणी असतं, तेच गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि तिच्यावर पंख्याचा वारा सोडायचा. १९३८ साली नॅश कंपनीनं बाहेरची ताजी हवा गाळून, त्या जाळीवरून आत घेण्याची सोय केली. आज पाण्यावर थंड होणाऱ्या बहुतेक गाड्यांत हीच पद्धत आहे.

आता मेकॅनिकचं म्हणणं कळलं ना? हिटरजवळ स्वतःचा विस्तव नाही. तो इंजिनाच्या पाण्याकडून उसनी ऊब घेतो. पाणीच नसेल तर तो देणार कुठून? म्हणून जुन्या गाडीचा हिटर गार वारा देऊ लागला, तर आधी पाण्याकडे बघायचं.

गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरमधलं पाणी तपासा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. कुकरची शिटी पडायच्या आत झाकण काढण्यासारखं आहे ते. पाणी कमी असेल तर नुसतं भरून भागत नाही, ते गळतंय कुठे हे शोधायला हवं. पायाशी ओल, काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास असेल, तर हिटरची जाळीच गळते आहे.

पाणी पुरेसं आहे, पण मोठ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खालीच राहतो आणि गाडी उभी असताना थोडी ऊब येते? मग थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी ही झडप. दुरुस्ती बहुधा मोठी नसते.

नुकतंच पाणी बदललं असेल आणि डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल, तर नळीत हवा अडकली आहे. ती मेकॅनिककडून काढून घ्यावी.

हिटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या असतात. इंजिन तापलं की ते बंद करून मेकॅनिक त्या हातानं चाचपतो. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष पंख्यात किंवा हवेच्या झडपेत. एक गरम आणि एक कोमट असेल तर जाळी तुंबली आहे. दोन्ही गार असतील तर पाणी तिथवर पोचतच नाही.

जाळी तुंबते कशानं? आपल्या घरच्या बंबाला आतून पांढरा थर बसतो, तो आठवा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की गाडीच्या आतही तेच होतं. म्हणून कूलंट आणि बॅटरीत घालतात तसं शुद्ध पाणीच वापरायला सांगा.

आणि एक कळकळीचं सांगणं. हिटर चालत नाही म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा निखारे ठेवून कुणीही बसू नका, झोपू तर अजिबात नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवूनही बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप लागल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही.

त्या दिवशी आमचा स्टॉल उशिरा लागला, पण बाळ सुखरूप राहिलं. आता आमचा गट भाड्याची गाडी ठरवतो तेव्हा किती पैसे घेणार हे विचारायच्या आधी आमच्यातली एक जण विचारते, "दादा, पाणी बघितलं का?" पहिल्यांदा ते हसले होते. आता आम्ही पोचायच्या आधीच बॉनेट उघडून उभे असतात.