सहलीचें छायाचित्र आणि इतिहास



सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन एखादी प्रसिद्ध वास्तु किंवा प्राणिसंग्रह पाहावयास जावें, चार छायाचित्रें टिपावीं आणि सायंकाळीं घरीं परतावें, ही रीति आतां घरोघरीं रूढ झाली आहे. गंमत म्हणून काढलेल्या या चित्रांची इतिहास काय दखल घेणार, असें पुष्कळांना वाटतें. परंतु इतिहासाला त्यांची गरज पडते. ती कशी, हें मुंबईच्या राणीच्या बागेच्या आधारें आज सांगावयाचें आहे.

ही बाग 1862 सालीं खुली झाली आणि तिच्या शेजारचें संग्रहालय 1872 मध्यें. त्या संग्रहालयासाठीं झटलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव 1975 पासून त्याला आहे. भाऊंना छायाचित्रणाचीहि आवड होती. मुंबईंत 1854 सालीं छायाचित्रकारांची सभा स्थापन झाली, तींत भाऊ आणि त्यांचे बंधु नारायण दाजी हे दोघेहि होते. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ही विद्या शिकविण्याचा वर्ग निघाला.

त्या काळीं हें काम मोठ्या खटाटोपाचें होतें. काचेवर कोलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावयाची. देऊळ किंवा किल्ला जागचा हलत नाहीं, म्हणून त्यांचीं चित्रें साधत. पिंजऱ्यांतील वाघाला स्थिर उभा राहा म्हणून कोण सांगणार? 1888 सालीं ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला आणि 1900 मध्यें एक डॉलर किंमतीची ब्राउनी पेटी निघाली; तेव्हांपासून ही विद्या सामान्य गृहस्थाच्या हातीं येऊं लागली.

आतां राणीच्या बागेंतील दोन जनावरें पाहूं. एकहि जिवंत नाहीं, आणि दोन्ही मूळचीं येथलीं नव्हेत. पहिला घारापुरीचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलेफंटा हें नांव दिलें, तोच हा. 1864 सालीं त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आणले गेले व 1914 मध्यें जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. दुसरा काळा घोडा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा 1879 सालीं बसविलेला अश्वारूढ पुतळा. 1965 सालीं तो कोटांतून हलवून येथें आणला. घोडा गेला तरी जागेचें नांव राहिलें. 2017 मध्यें तेथें स्वाराविना नवा घोडा उभा राहिला.

समजा, एखाद्या घरच्या जुन्या पेटींत काळ्या घोड्याचें चित्र सांपडलें. घोड्यावर स्वार असेल आणि मागें कोटांतील रस्ता दिसत असेल, तर तें 1965 पूर्वींचें. स्वार असून मागें बागेंतील झाडें असतील, तर त्यानंतरचें. स्वारच नसेल, तर 2017 नंतरचें. साल सांगितलें तें घोड्यानें नव्हे, स्वारानें आणि पाठीमागच्या देखाव्यानें.

जिवंत प्राण्यांच्या बाबतींत तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. दक्षिण आफ्रिकेंत क्वागा नांवाचा, डोकें व मानेवर पट्टे आणि मागचा भाग तपकिरी असलेला, झेब्र्याच्या जातीचा प्राणी होता. लंडनच्या प्राणिसंग्रहांतील एका क्वागा मादीचीं कांहीं चित्रें 1863 ते 1870 च्या दरम्यान काढलीं गेलीं. ती मादी 1872 त वारली. ॲम्स्टरडॅम येथील अखेरचा क्वागा 12 ऑगस्ट 1883 रोजीं गेला. पेंढा भरलेलीं कातडीं आजहि आहेत. पण जिवंत क्वागा उभा कसा राही, हें दाखविणारीं छायाचित्रें जगांत तेवढींच. कॅमेरा लावणाऱ्यांना पुढचें भविष्य कोठून ठाऊक असणार? आपणहि जें चित्र सहज टिपतों, त्यांतील काय टिकेल आणि काय जाईल, हें आज सांगतां येत नाहीं.

म्हणून दोन गोष्टी कराव्या. मुलाला वास्तूच्या एका बाजूस उभें करावें, म्हणजे मूलहि दिसेल आणि वास्तुहि. आणि कागदी चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें स्थळ, तारीख व साल लिहावें. मोबाइलमधील चित्रालाहि असें नांव देतां येतें. हें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. अक्षर सुधारेल आणि इतिहासहि राखला जाईल. चित्राला चेहरा असतो, पण वाचा आपणच द्यावयाची असते.