घरची मेणबत्ती

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझे एक जुने स्नेही, जे रसायनशास्त्राचे अध्यापक आहेत, चार दिवस आमच्या घरीं राहावयास आले होते. घरच्या घरीं सुगंधी मेणबत्ती करून पाहावी, असें एके दिवशीं त्यांच्या मनानें घेतलें. बाजारांतून मेण आणलें, उकळत्या पाण्याच्या पातेल्यांत दुसरें भांडें ठेवून तें वितळविलें, पितळी वाट्यांत वाती उभ्या केल्या, आणि वाळ्याचें अत्तर घालण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं घाई केली. मेण फार तापलेलें असतांनाच अत्तर ओतल्यामुळें सारें घर दरवळलें आणि मेणबत्त्या मात्र कोऱ्याच राहिल्या! मेण आधीं थोडें निवूं द्यावयास हवें होतें, हें स्नेह्यांनीं मला मागाहून सांगितलें. दुसऱ्या खेपेचें मेण वितळेपर्यंत वेळ होता. रसायनशास्त्र त्यांचें, तर इतिहास माझा. तेव्हां मीं त्यांना या करमणुकीची पूर्वपीठिका सांगितली. तीच येथें थोडी व्यवस्थित मांडीत आहें. कारण ज्याला आज आपण विरंगुळा म्हणतों, तो इंग्लंडांत शंभराहून अधिक वर्षें गुन्हा होता.

आपल्या भाषेंत या वस्तूला 'मेणबत्ती' म्हणतात खरें, परंतु युरोपांतील सामान्य घरांत जी बत्ती जळे तींत मेणाचा अंशहि नसे. ती गुरांच्या व मेंढ्यांच्या चरबीची असे. तिला धूर फार, घाण त्याहून अधिक, आणि वातीचा काजळलेला शेंडा दर थोड्या वेळानें कात्रीनें छाटला नाहीं तर उजेडहि मंद होई. मधमाशांच्या मेणाची स्वच्छ बत्ती देवळांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतच दिसे. म्हणजे सुवास ही त्या काळीं मेणबत्तीची शोभा नव्हती. दुर्गंधापासून सुटका हीच मोठी चैन होती.

ही चैन गरिबाच्या घरींहि पोंचली ती अमेरिकेच्या वसाहतींत. तेथील समुद्रकांठच्या झुडुपांना बारीक करडीं फळें येतात व त्यांच्यावर मेणाचा पातळ थर असतो. फळें पाण्यांत उकळलीं कीं हें हिरवट मेण वर तरंगतें. टोपल्याच्या टोपल्या फळें वेंचावीं तेव्हां थोडेंसें मेण हातीं लागे. परंतु त्याची बत्ती वितळून वांकत नसे, आणि तिला मंद सुवास येई. रॉबर्ट बेव्हर्ली यानें १७०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासांत एक गमतीची गोष्ट नमूद केली आहे: ही बत्ती विझतांना इतका चांगला वास सुटे कीं शौकीन लोक ती मुद्दाम विझवीत! माझ्या अत्तराप्रमाणें तेथेंहि उजेड आणि सुवास यांची चुकामूक होतीच, म्हणावयाची. मात्र याच धंद्याची दुसरी बाजू बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रांत आढळते. त्याचा बाप बॉस्टन येथें चरबीच्या मेणबत्त्या व साबण करी. वयाच्या दहाव्या वर्षीं बेंजामिन वाती कापूं लागला, सांचे भरूं लागला, आणि त्या कामाला लवकरच विटला.

आतां इंग्लंडकडे वळूं. राणी ॲनच्या कारकीर्दींत फ्रान्सशीं दीर्घ युद्ध चाललें होतें, आणि युद्धाला पैसा लागतो. १७०९ सालीं पार्लमेंटानें मेणबत्त्यांवर कर बसविला. घरोघर मेणबत्त्या होऊं लागल्या तर कर वसूल कसा होणार? म्हणून परवाना काढल्यावांचून व कर भरल्यावांचून त्या घरीं करण्यास मनाई झाली. गृहिणीनें आपल्याच घरच्या चरबीचा आपल्याच चुलीवर दिवा करावा, तर ती कायद्यानें अपराधी ठरे.

गरिबांनीं यांतूनहि वाट काढली. लव्हाळ्याची काडी सोलून वाळवावयाची आणि ती तापलेल्या चरबींतून ओढून काढावयाची. अशी घरगुती काडी करांतून मोकळी होती. गिल्बर्ट व्हाइट या पाद्री निसर्गनिरीक्षकानें सेलबोर्न गांवावरील आपल्या १७८९ च्या ग्रंथांत तिचा हिशेब पै न् पै मांडला आहे. सव्वादोन फुटांहून थोडी लांब काडी सत्तावन्न मिनिटें जळली. आणि एका फार्दिंगांत, म्हणजे पाव पेनींत, गरीब कुटुंबाला साडेपांच तास उजेड मिळे. विल्यम कॉबेट यानें तर पुढें लिहिलें कीं, नव्वदीच्या घरांत पोंचलेल्या आपल्या आजीनें जन्मांत कधीं मेणबत्ती जाळली नसावी. तिचें सारें आयुष्य लव्हाळ्याच्या उजेडांत गेलें.

हा कर १८३१ सालीं उठला. एकशें बावीस वर्षांनीं घराला आपला दिवा आपण करण्याची मोकळीक मिळाली. पण ती मिळाली त्याच सुमारास तिची गरज सरूं लागली होती. फ्रान्समध्यें शेव्हरल या रसायनज्ञानें चरबीचें पृथक्करण करून १८२३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतूनच स्टिअरिनची कठीण व निर्धूर बत्ती निघाली. १८२५ च्या सुमारास वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळतांना आपोआप वांकून शेंडा जाळून टाकी, त्यामुळें कात्रीचें कामच संपलें. १८३४ सालीं जोझेफ मॉर्गन याचें सांचायंत्र आलें, आणि १८५० सालीं जेम्स यंग यानें दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचें पेटंट घेतलें. दुकानांतली बत्ती स्वस्त झाली, चांगली झाली, आणि घरची बत्ती मागें पडली. जें कायद्याला शतकभरांत साधलें नाहीं, तें सोयीनें एक-दोन पिढ्यांत साधलें.

ही हकीकत वाचतांना मराठी वाचकाला मिठाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथेंहि निसर्गानें दारांत आणून ठेवलेली वस्तु उचलणें हा अपराध होता. १९३० सालीं दांडीला आणि आपल्या शिरोड्याला लोकांनीं तो अपराध जाणूनबुजून केला व लाठ्या खाल्ल्या. १९४७ सालीं तो कर गेला. त्यानंतर आपल्यापैकीं किती जणांनीं चिमूटभर मीठ स्वतः केलें? मीं तरी केलें नाहीं. याचा अर्थ तो लढा व्यर्थ होता असा मुळींच नाहीं. हक्क असून एखादी गोष्ट न करणें आणि हक्क नाहीं म्हणून न करणें, यांत माणसाच्या मानाचें अंतर आहे. परंतु बंदीनें गेलेली विद्या माणसाच्या मनाला सलत राहते; सोयीनें गेलेली विद्या गेली हें कळतहि नाहीं. पहिलीसाठीं सत्याग्रह होतात. दुसरीसाठीं कोणी उसासाहि टाकीत नाहीं.

माझें बोलणें संपेपर्यंत मेण वितळलें होतें. या वेळीं स्नेह्यांनीं माझा हात धरून ठेवला आणि मेणाच्या कडा दुधाळ दिसूं लागल्यावरच अत्तर घालूं दिलें. सायंकाळीं वाट्या पेटविल्या. वाळ्याचा वास बेताचाच आला, आणि एक वात तर निम्म्यांतच बुडाली. "दुकानांत याहून चांगली मिळते," असें घरांतून ऐकूं आलें. तें खरेंहि होतें. तरी ती दुसरी वाटी आम्हीं दोघांनीं शेवटपर्यंत जळूं दिली. वास घेण्यासाठीं मध्येंच विझविली नाहीं.