घनाकृतींचे रेखन व छायांकन : शनिवारवाड्यातील चित्रशाळेपासून शालेय वर्गापर्यंत

पेशवेकालीन पुण्याच्या चित्रकलेचा विचार सामान्यतः वाड्यांतील भित्तिचित्रे व सचित्र पोथ्या यांच्यापुरता केला जातो. या चित्रांत रेषेने आकृती बांधावयाची व सपाट रंगाने ती भरावयाची, ही पद्धती प्रधान होय. वस्तूची घनता छायेने दाखविण्याचे शिक्षण पुण्यात रुजू लागले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस.

पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यास आला. सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली, आणि गंगाराम चिंतामण तांबट हा तिच्यातून सर्वाधिक प्रसिद्धीस आला. मात्र वेल्स येण्यापूर्वीच, १७९० मध्ये, गंगारामाने पेशव्यांच्या पशुसंग्रहातील गेंड्याचे चित्र मॅलेटसाठी काढले होते. तेव्हा त्याचे सारे कौशल्य पाश्चात्त्य गुरूचेच देणे होते, असे मानता येत नाही. पुढे वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढताना त्याच्यापुढे निराळाच प्रश्न होता. लेणे हे घन खडकातून कोरून काढलेले असते. त्यातील पुढे काय व मागे काय, हे केवळ बाह्यरेषेने सांगता येत नाही. त्यासाठी छायेचाच आश्रय करावा लागतो. वेल्स १७९५ मध्ये मरण पावला व ही शाळा अल्पायुषी ठरली.

एकोणिसाव्या शतकात हे शिक्षण शाळेच्या वर्गात आले. १८५७ मध्ये मुंबईस सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेवर पुढे इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमाची छाप पडली. त्या अभ्यासक्रमात तेवीस पायऱ्या होत्या : प्रथम सपाट नमुन्यांच्या रेषा गिरवावयाच्या, मग घनवस्तू पाहून काढावयाच्या. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील वस्तुचित्र व स्थिरचित्र हे विषय याच परंपरेतील होत.

या विषयाची मराठी परिभाषा उद्बोधक आहे. भूमितीतील ‘इष्टिकाचिती’ व ‘वृत्तचिती’ या संज्ञांतील ‘चिती’ म्हणजे रचलेला ढीग; भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त विटांच्या राशींचे गणित ‘चितिव्यवहार’ या नावानेच येते. म्हणजे या संज्ञा वस्तू कशी रचली हे सांगतात, ती कशी दिसते हे सांगत नाहीत. उलट ‘छायाचित्र’ हा शब्द कॅमेऱ्याने बळकावल्यामुळे चित्रकलेच्या वर्गात ‘छायाप्रकाश’ किंवा सरळ ‘शेडिंग’ हेच शब्द चालतात.

मुलाची अडचण नेमकी येथेच आहे. पेल्याचे तोंड वर्तुळाकार असते हे त्यास ठाऊक असते, म्हणून ते वर्तुळच काढते. पेला टेबलावर सपाट बसतो हे ठाऊक असते, म्हणून तळाशी सरळ रेषा ओढते. डोळ्यांस दिसणारी लंबवर्तुळे ज्ञानाच्या आड लपतात. छायांकन शिकविताना हाच भेद पुन्हा उभा राहतो. ठोकळ्याच्या दिसणाऱ्या तीन बाजूंस तीन निरनिराळ्या छटा येतात व कडेशी छटा एकदम बदलते. वृत्तचितीवर ती हळूहळू गडद होते. परंतु सर्वांत गडद पट्टा अगदी कडेस नसून किंचित आत असतो, कारण आसपासच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेला प्रकाश कडेस पोहोचतो. शंकूवर हे पट्टे टोकाकडे निमुळते होतात, तर गोलावर छटांना कोठेच कड नसते. पडछाया मात्र वस्तूवर नसून तिच्या आधारपृष्ठावर असते. मुले या दोहोंत नेहमी गल्लत करतात.

खिडकी कोणत्याही बाजूस असो, वस्तूची उजवी बाजू काळी करावयाची, असा ठोकताळा पाठ करून परीक्षेपुरते गुण मिळविता येतात. परंतु असे चित्र पाहून काढलेले नसते. गंगारामास लेण्यासमोर बसून उजेड कोठून येतो हे आधी पाहावे लागले. वर्गातील मुलाच्या हाती पेन्सिल देण्यापूर्वी त्यास हाच प्रश्न विचारणे, ही त्या अल्पायुषी शाळेपासून आजच्या शिक्षकाने घ्यावयाची गोष्ट होय.