हजारामागे किती?

सिन्नरच्या बिडीधंद्यात मजुरी विचारली, तर उत्तर महिन्याचे येत नाही आणि दिवसाचेही येत नाही. ते हजाराचे येते: हजार बिड्यांमागे इतके रुपये. हा दर कालपरवा सूप मांडीवर घेतलेल्या मुलीला आणि तीस वर्षे बिड्या वळणाऱ्या बाईला एकच असतो. कागदावर पाहिले तर इतकी समान वागणूक दुसऱ्या धंद्यात सापडणे कठीण. सरकारी कचेरीत नवा कारकून जुन्या कारकुनापेक्षा कमी पगारावर लागतो, गवंड्याच्या हाताखालचा पोऱ्या गवंड्याची मजुरी मागू शकत नाही. बिडीत मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण दर. तरीही नवख्या हाताला इथे पोटापुरते मिळवायला फार वेळ लागत आला आहे. या विसंगतीचे मूळ मला दराच्या आकड्यात दिसत नाही. कामातले काय मोजले जाते, काय मोजलेच जात नाही आणि शिकण्याचा खर्च कोणाच्या पदरात पडतो, या तीन गोष्टींनी सुरुवातीची कमाई ठरते. बिडीला हे जितके लागू आहे, तितकेच विमान चालवणाऱ्यालाही आहे. पण त्याकडे नंतर येऊ.

गोंदेश्वराच्या देवळामुळे सिन्नरचा यादवकालीन इतिहास पुष्कळ लिहिला गेला, बिडीचा त्या मानाने थोडाच. खरे तर हा धंदा इथे रुजावा असे वरवर काही कारण नाही. बिडीची तंबाखू मुख्यतः गुजरातच्या चरोतर पट्ट्यातली आणि निपाणीकडची. पाने विदर्भातल्या व मध्य प्रदेशातल्या जंगलांतली, टेंभुर्णीची. दोन्ही माल शेकडो मैलांवरून आणावा लागे. गावात होते ते फक्त हात. तालुक्याचा मोठा भाग कमी पावसाचा, खरीप हातचे गेले की घरात बसलेली माणसे कामाला तयार. भिकुसा यमासा क्षत्रिय यांच्यासारख्या कारखानदारांनी सिन्नर-संगमनेर पट्ट्यात जम बसवला त्यामागे या हातांचा हिशेब होता. जिथे कच्चा माल स्थानिक नसतो आणि यंत्र जवळजवळ नसतेच, तिथे नफ्यातोट्याचे गणित मजुरीपाशीच येऊन थांबते. म्हणूनच या धंद्यातले पुष्कळसे झगडे मजुरी कशी मोजायची यावर झाले.

आता ते हजार कसे भरतात ते पाहा. पाने भिजवायची, फडक्यात गुंडाळून मऊ पडू द्यायची, पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीने कापायची, शिरा काढायच्या. मग पानावर जर्दा पसरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे. यातली मोजणी सुरू होते ती अगदी शेवटी. भिजवण्या-कापण्याचे तास हजाराच्या दरात गृहीत धरलेले, त्यांना वेगळा मोबदला नाही. सराईत बाई दिवसभरात हजाराच्या आसपास जाते. समजा नवखी मुलगी तेवढ्याच वेळात चारशे वळते. तर दर सारखा असूनही तिच्या तासाची किंमत निम्म्याहून कमी झाली. त्यावर छाट. मुनीम किंवा सट्टेदार (कंत्राटदार) तपासताना सैल, जाड, तोंड नीट न मिटलेली बिडी बाजूला काढतो, आणि बाजूला काढलेल्या बिडीची मजुरी नाही. छाट सगळ्यात जास्त निघते ती अर्थातच शिकणाऱ्या हाताची. पान कमी पडले तर भरपाईही तिचीच. म्हणजे शिकण्याची फी इथे कोणी उघड मागत नाही, ती छाटीतून वसूल होते. अनेक घरांत तर हे शिक्षण आईच्या शेजारी बसून, लहानपणीच उरकले जाई. मुलीने वळलेल्या बिड्या आईच्या नावावर भरल्या जात. अशा मुलीची पहिल्या वर्षांची कमाई कोणत्याही वहीत सापडणार नाही, कारण ती कधी वेगळी लिहिलीच गेली नाही.

छाटीचा प्रश्न किती मोठा होता हे न्यायालयांच्या निकालांवरून कळते. 1958 मध्ये मुंबई राज्य सरकारने विदर्भातल्या बिडीकामगारांचे किमान वेतन ठरवताना छाट किती काढता येईल आणि तिची मजुरी कशी द्यायची याचेही नियम घातले. गोंदियाच्या व्यापारी संघाने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली: 1948 च्या किमान वेतन कायद्याने सरकारला दर ठरवायचा अधिकार दिला आहे, कामाच्या इतर अटी ठरवायचा नाही. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. पण दर ठरला आणि किती बिड्या मोजायच्या हे मात्र मालकाच्या माणसावर राहिले, तर त्या दराला अर्थ किती उरतो? त्या निकालाच्याच सुमारास, 1961 च्या अखेरीस, शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला निकालात निघाला. प्रश्न होता बिडी वळणाऱ्या एका कामगाराच्या चार दिवसांच्या रजेच्या पगाराचा. चार दिवस! बहुमताने ठरवले की तो कारखाना कायद्याखालचा कामगारच नव्हे: तो हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, कसे वळायचे हे त्याला कोणी सांगत नाही, संध्याकाळी खराब बिड्या बाजूला काढणे म्हणजे काही कामावरची देखरेख नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विरोधी मत दिले, आणि माझ्या मते धंद्याचे खरे रूप त्यांनाच दिसले होते. ज्याच्या हाती छाट काढणे आहे, त्याने दिवसभर डोक्यावर उभे राहायची गरज काय?

विमानाच्या धंद्यात हीच मोजणी तासाने होते. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला दोनशे तासांचे उड्डाण लागते. तो खर्च आणि नंतर विशिष्ट विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा खर्च बहुधा उमेदवाराच्याच घरातून किंवा कर्जातून निघतो, आणि तो लाखांत असतो. म्हणजे ही फीसुद्धा शिकणाराच भरतो, फक्त उघडपणे आणि आगाऊ. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर. 2020 च्या टाळेबंदीत विमाने जमिनीवर राहिली तेव्हा तो भाग किती नाजूक आहे हे कळून चुकले. अमेरिकेत तर हे प्रकरण जिवावर बेतले. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून पन्नास माणसे मेली. चौकशीत सहवैमानिक महिलेची वर्षाची कमाई सोळा हजार डॉलरच्या आसपास निघाली, तेव्हा तिथले लोक थक्क झाले. ती सिएटलला आईवडिलांकडे राहायची आणि कामावर पोचण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला रात्रभर प्रवास करत आली होती. तो प्रवास, विमानतळावरचे थांबणे, उड्डाणापूर्वीची तयारी, यातले फारसे काही त्या मोजणीत येत नव्हते. भिजवलेल्या पानांचे तासही असेच मोजणीबाहेर राहतात.

यावर कोणी म्हणेल की ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे. वैमानिक पाच-दहा वर्षांत कॅप्टन होतो, लाखांत पगार घेतो. बिडीवाली आयुष्यभर हजारामागेच राहते. आक्षेप खरा आहे, आणि मला वाटते तोच माझ्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा आहे. वैमानिकाची सुरुवातीची तंगी शिडीची पहिली पायरी असते. वर पायऱ्या आहेत म्हणून बँक कर्ज देते आणि घरचे दागिने मोडतात. बिडीत दुसरी पायरीच नाही. हात काही वर्षांत जितका वेगवान व्हायचा तितका होतो, मग मान, पाठ आणि डोळे थकू लागले की उतरणीला लागतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या पगाराचा आकडा एकटा घेऊन दोन धंद्यांची बरोबरी करण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरबसल्या, पोरेबाळे सांभाळून, चुलीवरच्या कालवणाकडे लक्ष ठेवून काम करता येते, हे स्वातंत्र्य बायकांना हवेच होते; ते त्यांनी मजुरीच्या बदल्यात घेतले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या स्वातंत्र्याची किंमत कोणी ठरवली? न्यायालयाने तशाच स्वातंत्र्याचा दाखला देऊन चार दिवसांची रजा नाकारली. योगायोग असा की 1961 मध्येच संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. त्याप्रमाणे आज माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात आयटीआयचा मुलगा शिकाऊ म्हणून लागला, तर त्याला विद्यावेतन मिळते. 2019 च्या नियमांनी ते महिना पाच ते नऊ हजारांच्या पट्ट्यात ठरवले. रक्कम फार नाही. पण त्याने बिघडवलेल्या जॉबची किंमत त्याच्या हजारीतून कापली जात नाही, कारण त्याला हजारी नाहीच. एकाच तालुक्यात, काही मैलांच्या अंतरावर, शिकणाऱ्याला दोन वेगळ्या प्रकारे वागवले जाते आणि दोन्ही कायदेशीर आहेत.

बिडीसाठी स्वतंत्र कायदा यायला 1966 उजाडले. बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास मनाई केली, छाट आणि तिची मजुरी यांवरचे तंटे झटपट सोडवण्याची व्यवस्था सांगितली. रजाही दिली: वीस दिवस कामामागे एक दिवस. ज्याला कामगारच न मानल्यामुळे पाच वर्षांपूर्वी चार दिवसांची रजा बुडाली होती, त्याचे दिवस आता मोजले जाऊ लागले. त्या रजेच्या दिवसाचा पगार कसा काढायचा हेही कायद्याने सांगितले: मागच्या महिन्यातल्या कमाईची रोजची सरासरी. म्हणजे नवख्या मुलीने रजा घेतली, तर त्या दिवशी घरी झोपून राहूनही तिला मिळे ते तिच्याच अजून न बसलेल्या हाताच्या हिशेबाने, छाट वजा जाऊन.