वढूचे माहेर

महोत्सवाच्या मंगलप्रसंगी पूर्वजांच्या श्रद्धेचे स्मरण करणे उचितच होय. परंतु जे सत्कार्य आपल्याच काळी व आपल्याच पुणे जिल्ह्यात उभे राहिले, त्याची ओळख करून घेणेही तितकेच अगत्याचे आहे. म्हणून सिस्टर लूसी कुरियन यांचे अल्पचरित्र वाचकांस सादर करीत आहोत.

केरळातील कण्णूर जिल्ह्यात कोलयाड ह्या गावी इ. स. १९५६ साली त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी शिक्षणार्थ त्या मुंबईस आल्या. तेथील झोपडपट्ट्यांतले दैन्य पाहून त्यांचे अंतःकरण द्रवले आणि पुढे त्यांनी धर्मभगिनींच्या संघात प्रवेश केला. कालांतराने पुण्यात पीडित स्त्रियांची सेवा त्यांच्याकडे आली.

१९९१ साली एक गर्भवती स्त्री त्यांच्या दारी आली. पती आपला जीव घेईल, ह्या भीतीने तिने आसरा मागितला. परंतु तिला ठेवून घेण्याची सोय व अधिकार लूसीबाईंपाशी नव्हता. ‘उद्या काही करू,’ असे सांगून त्यांनी तिला परत पाठविले. त्याच रात्री पतीने तिला पेटवून दिले. किंकाळ्या ऐकून लूसीबाई धावल्या, त्यांनी तिला रुग्णालयात पोहोचविले. पण ती वाचली नाही, आणि उदरातले बाळही वाचले नाही.

तो ‘उद्या’ त्यांच्या मनातून कधीही गेला नाही. पश्चात्ताप पुष्कळांस होतो. तो अश्रूंबरोबर वाहूनही जातो. लूसीबाईंचा पश्चात्ताप मात्र सहा वर्षे टिकला. पुण्यातील येशूसंघीय धर्मपंडित फादर फ्रान्सिस डिसा यांनी त्यांना धीर दिला, साहाय्यही मिळाले, आणि १९९७ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या वढू बुद्रुक येथे निराधार स्त्रियांसाठी घर उघडले. त्याचे नाव त्यांनी ‘माहेर’ असे ठेविले.

ह्या नावाचे मर्म आपणा मावळवासीयांस सांगावयास नको. तिकोण्याच्या पायथ्याशी आणि पवनेच्या काठी आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटेच्या जात्यावर माहेराचेच गुण गाइले. परंतु खरे बोलावयाचे तर, गांजलेली लेक दारी आली असता ‘दिल्या घरी सुखाने राहा’ म्हणून तिला परत धाडणारी माहेरेही थोडी नाहीत. लूसीबाईंनी परभाषेतून येऊन आपला हा शब्द घेतला व त्यास त्याचा अर्थ पुन्हा मिळवून दिला.

ह्या घरी कोणासही जात वा धर्म विचारीत नाहीत. पुढे अनाथ मुले, मनोरुग्ण स्त्रिया व निराश्रित पुरुष यांचीही सोय झाली. महाराष्ट्राबाहेर केरळ व झारखंड येथेही घरे निघाली. भारत सरकारने लूसीबाईंस २०१५ सालचा नारीशक्ती पुरस्कार देऊन गौरविले.

वाचकहो, परक्याचे रूप घेऊन प्रभू आपल्या दारी येतो, ही आपली श्रद्धा आहे. तो वेळ पाहून येत नाही. आश्रम काढण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांस नसेल. परंतु सायंकाळी दार ठोठावणाऱ्या दुःखितेस ‘उद्या ये’ न म्हणणे, एवढे तरी आपल्या हाती खचितच आहे.